सात आठवड्यांच्या डॉबरमनची शेपटी: कापायची की ठेवायची?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नक्की कशाला उत्तर देतोय ते कळेल. तुम्ही सात आठवड्यांचा डॉबरमनचा नर आणलाय. त्याची शेपटी पूर्ण आहे, कारण बाळंतपणानंतर आठवडाभर पिल्लांची आईच अत्यवस्थ होती आणि त्या गडबडीत ब्रीडरकडून डॉकिंग, म्हणजे दिसण्यासाठी शेपटी कापणं, राहून गेलं. आता तो म्हणतो, भूल देऊन शेपटी आणि कान एकदमच उरकून घ्या, नाहीतर डॉग शोमध्ये याला कुणी विचारणार नाही. वडिलांना शेपटीचा डॉबरमन बघवत नाही. नववीतली मुलगी पिल्लाला दवाखान्यात नेऊच देत नाही. आणि तुम्ही विचारताय, "आता उशीर झालाय, की अजून करता येईल?"

करता येईल. शस्त्रक्रिया म्हणून ती कोणत्याही वयात होते. गाडीखाली चिरडलेल्या शेपट्या मी दहा वर्षांच्या कुत्र्यांच्याही काढल्या आहेत. पण तुम्ही पिल्लाला माझ्याकडे आणलंत तर मी हे करणार नाही, आणि दुसरीकडेही करून घेऊ नका असं सांगेन. उशिराचा मुद्दा त्यात दुय्यम आहे. तुमच्या घरात अडलेले खरे प्रश्न दोन आहेत: शेपटीसकट हा कुत्रा 'डॉबरमन' वाटतो का, आणि रिंगमध्ये, म्हणजे शोच्या स्पर्धेत, तो चालेल का. दोन्हींची उत्तरं देतो, पण आधी थोडं मागे जावं लागेल.

मी २७ वर्षं कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस करतोय आणि त्यातली पहिली आठ-नऊ वर्षं मी स्वतः डॉकिंग केलंय. रविवारी सकाळी ब्रीडर पुठ्ठ्याच्या खोक्यात आठ-दहा पिल्लं घेऊन यायचे. तीन ते पाच दिवसांची, डोळे मिटलेली, तळहातात मावणारी. कंपाउंडरने पिल्लू धरायचं, मी मणक्याचा सांधा बोटाने चाचपायचा, कात्री, एक टाका, आयोडीन, की पुढचं पिल्लू. भूल नाही, वेदनाशामक नाही. आणि आम्ही सगळेच एक वाक्य बोलायचो: "या वयात त्यांना कळत नाही, नसा अजून तयार झालेल्या नसतात." मी हे वाक्य ज्येष्ठांकडून घेतलं आणि माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलांना तसंच पुढे दिलं.

ते चूक होतं. जन्मलेल्या पिल्लाच्या अनेक नसांवरचं मायलिनचं आवरण पूर्ण झालेलं नसतं, एवढाच भाग खरा. पण दुखण्याचा बराचसा संदेश ज्या बारीक तंतूंतून जातो, त्यांच्यावर ते आवरण मोठ्या कुत्र्यातही नसतं, माणसातही नसतं. उलट, मेंदूकडून खाली येऊन वेदना दाबणारी जी यंत्रणा असते ती नवजात पिल्लात अजून कच्ची असते. म्हणजे त्याला कमी नाही, कदाचित जास्तच दुखत असेल. १९९६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तीन ते पाच दिवसांच्या ५० पिल्लांचं डॉकिंग होताना निरीक्षण केलं, त्यांत डॉबरमन आणि रॉटवायलरही होती. शेपटी कापली जात असताना सगळीच्या सगळी पिल्लं जोरात किंचाळली आणि सुटायला धडपडली. त्यानंतर बहुतेक काही मिनिटांत शांत झाली. डॉकिंगचे समर्थक या शेवटच्या वाक्यावर बोट ठेवतात. पण त्या वयाचं पिल्लू दुखत असलं तरी ऊब आणि दूध शोधत आईला चिकटतं आणि झोपतं. त्याला दुसरं काही करताच येत नाही. झोपलं म्हणजे दुखायचं थांबलं, असं मी आता मानत नाही.

मी थांबलो ते मात्र संशोधन वाचून नाही. माझ्याच हातून शेपटी कापलेली एक कॉकर स्पॅनियल तीन वर्षांची असताना माझ्याकडे परत आली. दिवसातून पंधरा-वीस वेळा ती गर्रकन वळून स्वतःच्या शेपटीच्या खुंटाला चावायची आणि कण्हायची. मी आधी पिसवांचं औषध दिलं. मग गुदग्रंथी साफ केल्या. मग अ‍ॅलर्जी धरून आहार बदलला. पाच महिने असे गेले. शेवटी खुंट उघडला, तर कापलेल्या नसेच्या टोकाशी हरभऱ्याएवढी गाठ. तिला न्यूरोमा म्हणतात. कापलेली नस पुन्हा वाढायला बघते, तिला वाट मिळत नाही आणि तिचा गुंता होतो. त्याला नुसता स्पर्श झाला तरी कळ जाते. गाठ काढली आणि दोन आठवड्यांत कुत्री पूर्ववत झाली. असं दर डॉकिंगनंतर होतं का? नाही, क्वचित होतं. पण तिच्या मालकिणीने मला विचारलं, "डॉक्टर, मुळात ती कापली कशासाठी होती?" आणि 'कॉकरची कापतात' यापलीकडे माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या आठवड्यापासून मी दिसण्यासाठी एकही शेपटी कापलेली नाही. काही ब्रीडर दुरावले. त्यातल्या एकाने फी वाचवायला पिल्लांच्या शेपट्यांना रबरबँड आवळले. त्यातली दोन पिल्लं पिकलेल्या जखमा घेऊन माझ्याकडेच आली आणि एक वाचलं नाही.

आता तुमच्या पिल्लाचं वय. सात आठवड्यांना याला 'डॉकिंग' म्हणणं हे शब्दाला सैल करणं आहे. ही सरळ अवयव काढण्याची शस्त्रक्रिया आहे. पूर्ण भूल द्यावी लागते, शेपटीच्या पोटाकडून जाणारी मुख्य रक्तवाहिनी बांधावी लागते, सांध्यातून मणके वेगळे करून वर स्नायू आणि कातडी शिवावी लागते. मग जखम चाटू नये म्हणून दहा-बारा दिवस गळ्यात मोठी कॉलर. जागा गुदद्वाराच्या अगदी वर, म्हणजे दिवसातून चार-पाच वेळा घाण होणारी. शिवाय या वयात त्याच्या लसीचा पहिला डोस नुकताच झालाय किंवा व्हायचाय. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या संसर्गाविरुद्ध भरवशाची प्रतिकारशक्ती यायला साधारण सोळा आठवडे जातात. कान कापले तर आणखी कठीण, कारण नंतर ते उभे राहावेत म्हणून आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने पट्ट्या बांधाव्या लागतात आणि त्या बदलायला दवाखान्याच्या फेऱ्या. ज्या बाकावर तुमचं पिल्लू बसेल, त्याच बाकावर तासाभरापूर्वी पार्व्होचं पिल्लू असू शकतं.

दुसरी गोष्ट, आणि डॉबरमनच्या बाबतीत मी हिला फार महत्त्व देतो. तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचा जगाबद्दलचा ग्रह घडतो. या काळात त्याने अनोळखी हात, लहान मुलं, सायकली, लिफ्ट, कुकरची शिट्टी हे सगळं निर्भयपणे अनुभवायचं असतं. त्याच आठवड्यांत तो डोक्याला आणि शेपटीला जखमा घेऊन, कॉलरमध्ये, लोक जवळ आले की दुखतं असा अनुभव घेत राहिला, तर पुढे ४० किलोचा बिचकणारा कुत्रा घरात येतो. दरवेळी होईलच असं नाही. पण हा धोका दिसण्यापायी घ्यावा, असं मला वाटत नाही.

आता रिंग. इथे ब्रीडरचं म्हणणं अर्धंच खरं आहे.

आपल्याकडे शोचा कारभार केनेल क्लब ऑफ इंडिया आणि तिच्याशी जोडलेले क्लब बघतात, आणि ही संस्था एफसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेत आहे. एफसीआयची पद्धत अशी की जात ज्या देशाची, त्या देशाचं मानक, म्हणजे ती जात कशी असावी याचं लेखी वर्णन. डॉबरमन जर्मनीचा. जर्मनीत १९८७ पासून कान कापायला आणि १९९८ पासून, शिकारीच्या कुत्र्यांचा अपवाद सोडून, शेपटी कापायला बंदी आहे. त्यामुळे एफसीआयच्या आजच्या मानकात डॉबरमनची शेपटी नैसर्गिक असावी आणि हलकी कमान करून वर धरलेली असावी, असंच लिहिलंय. रॉटवायलरचंही तसंच. अमेरिकेत उलटी परिस्थिती आहे: तिथल्या केनेल क्लबच्या मानकात डॉबरमनची शेपटी साधारण दुसऱ्या सांध्यावर कापलेली हवी, आणि बॉक्सरची न कापलेली शेपटी मोठा दोष धरली जाते. इंग्लंडमध्ये एप्रिल २००७ नंतर डॉकिंग झालेला कुत्रा, लोक तिकीट काढून बघायला येतात अशा शोमध्ये उतरवताच येत नाही.

म्हणजे मानक पुस्तकात तुमच्या बाजूने आहे. प्रत्यक्ष आपल्या रिंगमध्ये काय होईल हे मात्र जजवर आणि त्याच्या डोळ्याच्या सवयीवर अवलंबून आहे, हे मी लपवत नाही. डोळ्यासमोर वर्षानुवर्षं खुंटाचे डॉबरमन असलेला जज शेपटीवाल्याकडे आधी थोडा साशंकपणे बघतो. पण मी गेल्या काही वर्षांत शेपटीवाले डॉबरमन आणि रॉटवायलर रिंगमध्ये चांगल्या क्रमांकावर येताना पाहिलेत, आणि बाहेरून बोलावलेले जज असतील तर शेपटीबद्दल चर्चाही होत नाही. तुम्ही एवढंच करा: ज्या क्लबच्या शोमध्ये उतरायचंय त्याच्या सचिवांना आत्ताच लेखी विचारा. ब्रीडरचा शब्द आणि क्लबचं उत्तर यांत बऱ्याचदा फरक निघतो. आणि एक कडू पण खरं सांगतो. सातव्या आठवड्याला 'शो क्वालिटी' म्हणून विकलेली बहुसंख्य पिल्लं कधी रिंगमध्ये जात नाहीत. दातांचा मेळ, अंडकोष उतरणं, खांद्याचा कोन, स्वभाव, हे सगळं सहा-आठ महिन्यांनी कळतं. शेपटी मात्र आज कापली की आज गेली.

कायद्याबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या ११व्या कलमात प्राण्याचा अवयव तोडणं हा गुन्हा आहे. त्याच कलमात काही अपवाद दिलेत: गुरांची शिंगं काढणं, खच्चीकरण, डाग देणं, वेसण घालणं, तेही ठरवून दिलेल्या पद्धतीने. त्या यादीत कुत्र्याची शेपटी नाही. २०११ मध्ये भारतीय पशुवैद्यक परिषदेने शेपटी-कान कापण्याविरुद्ध पत्रक काढलं. केनेल क्लबने त्याला मद्रास उच्च न्यायालयात आव्हान दिलं आणि २०१३ मध्ये ते पत्रक रद्द झालं. ब्रीडर याच निकालाकडे बोट दाखवून "कोर्टाने परवानगी दिलीय" म्हणतात. रद्द झालं ते पत्रक. १९६० चा कायदा आहे तिथेच आहे. त्यातला दंड तेव्हाच्या पन्नास रुपयांच्या घरातला, म्हणून कुणाला त्याची भीती वाटत नाही, ही वेगळी गोष्ट. आणखी एक: २०१७ च्या श्वान-प्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचंच नसतं आणि ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. तुमचं पिल्लू सात आठवड्यांचं आहे. सल्ले देणाऱ्या ब्रीडरकडे तो नोंदणी क्रमांक जरूर मागा.

इथवरचं थोडक्यात: या वयात ही मोठी शस्त्रक्रिया आहे, तिचा पिल्लाला काही उपयोग नाही, आणि ज्या रिंगसाठी ती करायची त्या रिंगचं मानकच शेपटी मागतंय.

आता दुसऱ्या बाजूचा जो मुद्दा मला खरोखर वजनदार वाटतो तो सांगतो, कारण तो तुम्हाला कुणी ना कुणी ऐकवेलच. "लांब शेपटी जखमी होते." बरोबर आहे, होते. ब्रिटनमध्ये सुमारे १ लाख ३८ हजार कुत्र्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या गेल्या, तो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. शेपटीच्या जखमा होत्या २८१. एक जखम टाळायला साधारण ५०० कुत्र्यांच्या शेपट्या कापाव्या लागतील, असा त्यांचा हिशेब निघाला. पण स्कॉटलंडमध्ये शिकारीवर काम करणाऱ्या कुत्र्यांची पाहणी झाली तेव्हा चित्र अगदी वेगळं होतं: शेपटी न कापलेल्या स्पॅनियलपैकी निम्म्याहून जास्त कुत्र्यांना एकाच हंगामात शेपटीला इजा झाली होती. काटेरी झुडपांत दिवसभर घुसायचं आणि शेपटी सतत हलवायची, हे त्यांचं काम. स्कॉटलंडने २००७ मध्ये सरसकट बंदी घातली होती. २०१७ मध्ये काम करणाऱ्या स्पॅनियल आणि शिकार हेरून, दाखवून उचलून आणणाऱ्या (हंट-पॉइंट-रिट्रीव्ह) जातींसाठी ती शिथिल केली. मला तो निर्णय समजतो. तुमचा कुत्रा झुडपांत तितर उठवणार असता तर मी इतक्या ठामपणे बोललो नसतो. तो तिसऱ्या मजल्यावर राहणार आहे आणि संध्याकाळी मैदानावर पळणार आहे.

"शेपटी नसली की स्वच्छता राहते, आजार कमी होतात" हा मुद्दा मात्र निराधार आहे. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, आपले कारवान आणि मुधोळ हे सगळे शेपटीनिशी जगतात. कारवान तर भरधाव ससा वळला की लांब शेपटी दुसऱ्या बाजूला फेकून स्वतःला सावरतो. सोलापूर-सांगलीकडच्या माळावर ज्यांनी हे पाहिलंय त्यांना शेपटीचं काम वेगळं समजवावं लागत नाही.

आणि शेपटीचं सगळ्यात मोठं काम बोलण्याचं. आपली भाषा हे कधीपासून ओळखून आहे. घाबरला तर 'शेपूट घातलं' म्हणतो, लाळघोटेपणा केला तर 'शेपूट हलवतो' म्हणतो. कुत्र्याचा चेहरा वाचायला आपण शिकण्याआधी त्याची शेपटी वाचायला शिकलो. कॅनडात २००८ साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध झाला. संशोधकांनी खऱ्या कुत्र्यासारखं यंत्र केलं, त्याला कधी लांब तर कधी आखूड शेपटी लावली, आणि बागेत मोकळे सोडलेले शेकडो कुत्रे त्याच्याशी कसे वागतात ते पाहिलं. लांब शेपटी हलत असली की कुत्रे मोकळेपणाने जवळ यायचे, ताठ स्थिर असली की बिचकायचे. आखूड शेपटी हलतेय की स्थिर आहे, याचा त्यांच्या वागण्यावर फारसा फरकच पडत नव्हता. मी हे माझ्या दवाखान्याच्या वेटिंगमध्ये रोज बघतो. खुंटाचा रॉटवायलर आला की बाकीचे कुत्रे गोंधळतात, आणि खरं सांगायचं तर मीही. टेबलावर इंजेक्शन देताना शेपटी मला अर्धा सेकंद आधी सांगते की हा आता वळणार. खुंट ते सांगत नाही.

वडिलांबद्दल. त्यांच्या वाटण्याला मी चूक म्हणणार नाही. त्यांनी आयुष्यभर पोलिसांच्या पथकात, बंगल्यांच्या फाटकावर खुंटाचाच डॉबरमन पाहिलाय, आणि तेच रूप त्यांच्या मनात बसलंय. त्यांना सांगा की हे रूप कुत्र्याचं नाही, माणसाने दिलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या अपोल्डा गावात लुई डोबरमान नावाच्या करवसुली करणाऱ्या माणसाने स्वतःच्या संरक्षणासाठी ही जात घडवली, आणि झटापटीत समोरच्याच्या हाती लागू नये म्हणून शेपटी आणि कान कापायचे असं कारण परंपरेने सांगितलं जातं. ते काम गेलं, कापणं उरलं. प्रत्येक पिढीत शेपटी पुन्हा उगवतेच आणि पुन्हा कापावी लागते, यावरूनच ती त्या जातीच्या रक्तातली आहे हे कळतं. शक्य असेल तर वडिलांना युरोपातल्या आजच्या डॉबरमनचे पळतानाचे व्हिडिओ दाखवा, उभे असतानाचे फोटो नकोत. माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त फौजदारांचा विरोध असाच होता. वर्षभरात ते स्वतः लोकांना सांगू लागले की मी गाडी लावली की जिन्यावर आधी त्याच्या शेपटीचा आवाज येतो.

कानांचं उत्तरही तेच आहे, म्हणून वेगळं लिहीत नाही.

मी शेपटी कधी काढतो, तेही सांगतो, म्हणजे गैरसमज नको. चिरडलेली, कुजलेली, गाठ झालेली, किंवा भिंतीवर आपटून आपटून टोकाची जखम महिनोन्‌महिने भरत नसलेली शेपटी मी काढतो, भूल आणि वेदनाशामक देऊन, आणि लागेल तेवढीच. डॉबरमनच्या बाबतीत अशी वेळ आजवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आली.

ती तुमच्यावर येऊ नये म्हणून आत्तापासून एवढं सांभाळा. डॉबरमनची शेपटी बारीक, केस आखूड, आणि तो ती चाबकासारखी हलवतो. त्याची झोपायची जागा अरुंद पॅसेजमध्ये ठेवू नका. शेपटी दोन्ही बाजूंना न आपटता हलेल एवढी रुंदी हवी. सेफ्टी डोअर आणि गाडीचं दार बंद करताना आधी शेपटी आत आहे का बघायची सवय घरातल्या सगळ्यांना, विशेषतः मुलांना लावा. शेपटीच्या टोकावरचे केस गळलेले किंवा कातडी खरखरीत झालेली दिसली तर ती पहिली खूण. तेव्हाच दाखवलंत तर मऊ पट्टी आणि मलमाने भागतं. रक्त उडेपर्यंत थांबलात तर काम वाढतं. आठवड्यातून एकदा मुलीलाच शेपटीवरून मुळापासून टोकापर्यंत हात फिरवायला सांगा. तिला काही लागलं-फुगलं आहे का ते कळेल आणि पिल्लाला शेपटी हाताळू द्यायची सवय होईल. पहिला डोस झाला नसेल तर या आठवड्यातच करून घ्या, आणि सोळा आठवड्यांपर्यंतचे सगळे डोस होईस्तोवर त्याला रस्त्यावर खाली सोडू नका. उचलून, कडेवर घेऊन मात्र रोज बाहेर न्या.